धुराचा प्रश्न

खरं सांगायचं तर ती पोरगी मला पहिल्याच दिवशी आवडली, आणि आमच्या कामात एखादं मूल आवडलं की समजावं, आता काहीतरी घोळ होणार.

मी गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची मानसिक तपासणी करते. कोर्टाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून माझी खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट, आणि टेबलाच्या तोकड्या पायाखाली घडी घालून सरकवलेलं एक जुनं परिपत्रक. परिपत्रकाचा इतका चोख उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाच्या हातून मोठा गुन्हा घडला की बालन्याय मंडळ त्याला माझ्याकडे धाडतं आणि मला एकच गोष्ट विचारतं: याला कळत होतं का? आपण काय करतोय, त्यातून पुढे काय होईल, हे मोठ्या माणसासारखं कळत होतं का? मी 'हो' लिहिलं तर ते मूल मोठ्यांच्या कोर्टात जातं आणि तिथून वीस-वीस वर्षं आत. 'नाही' लिहिलं तर सुधारगृह, फार तर तीन वर्षं, मग सुटका. सही मंडळाची असते, पण शाई बऱ्याचदा माझी असते. हे मी आता फुशारकीने सांगत नाही. तेव्हा मात्र होती थोडी फुशारकी.

ती सोळा वर्षं आणि पाच महिन्यांची होती. आईबाप नाहीत, चौथ्या वर्षापासून बालगृहात वाढलेली. सोळावं सरल्यावर बालगृहाने तिला एका लाँड्रीत कामाला लावलं. तिथे एका गिऱ्हाइकाचा रेशमी स्कार्फ सापडेना. मालकाने चार लोकांदेखत तिची पिशवी काउंटरवर उपडी केली आणि तिला चोरटी म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्कार्फ भलत्याच गठ्ठ्यात सापडला. मालकाने तो मुकाट्याने गिऱ्हाइकाला देऊन टाकला, हिला एका शब्दाने काही म्हणाला नाही. त्याच आठवड्यात, सुटीच्या दिवशी भर दुपारी, तिने आपल्याकडच्या किल्लीने लाँड्री उघडली, गिऱ्हाइकांचे कपडे मोठ्या इस्त्रीच्या यंत्रात कोंबले, यंत्र चालू केलं, दाराला कुलूप लावलं आणि बाहेर पडली. वर माळ्यावर मालकाचे म्हातारे वडील झोपले होते. एरवी सुटीच्या दिवशी ते लेकीकडे जायचे. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून गेले नव्हते. कपडे पेटले आणि धुराने गुदमरून ते गेले.

आणि ही कुठे गेली? कुठेच नाही. समोरच्या फुटपाथवर औषधाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. दुकानाच्या कॅमेऱ्यात ती नऊ मिनिटं दिसते. समोरच्या खिडकीतून धूर निघतोय आणि ही हाताची घडी घालून ताठ उभी. ओठ तेवढे हलताना दिसतात. सरकारी वकिलांचं म्हणणं, शिव्याशाप देत असणार. शेवटी औषधवाल्याचं लक्ष गेलं आणि त्याने बंब बोलावला.

तर अशी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. बरोबरच्या महिला पोलीस बाहेरच्या बाकावर बसल्या. तिने खुर्ची टेबलाला नीट समांतर केली, पेन्सिल हातात घेऊन टोक पाहिलं आणि जागच्या जागी ठेवली. माझ्याकडे येणारी मुलं एक तर थरथरत असतात किंवा उर्मटपणाचं सोंग आणतात. ही मात्र घरी पाहुणी यावी तशी शहाण्यासारखी बसली होती.

मी ठोकळ्यांचा डबा उघडला. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांनी कार्डावरची नक्षी जुळवायची, आणि मी घड्याळ लावून वेळ मोजायची. कार्ड दाखवण्याआधीच तिने सगळे ठोकळे लाल बाजू वर करून एका ओळीत लावले. मी मनात म्हटलं, वा! मग कार्डामागून कार्ड. शेवटची नक्षी भल्याभल्यांचा घाम काढते. तिने ती चौदा सेकंदांत लावून हात मांडीवर ठेवले. त्यानंतर शब्दांचे अर्थ, उलटे आकडे, चित्रांची गोष्ट. सगळीकडे तेच.

मग तोंडी प्रश्न. त्यासाठी ती उठून उभी राहिली आणि तिने हाताची घडी घातली. मी म्हटलं, "बसून सांगितलंस तरी चालेल." ती म्हणाली, "असंच बरं पडतं बाई."

या प्रश्नांत एक धुराचा प्रश्न आहे. तो वगळावा असं एकदा मनात आलं, पण चाचणी अर्धवट घेता येत नाही. मी विचारलं, "शेजारच्या घरातून धूर येताना दिसला तर तू काय करशील?"

तिने एका दमात सांगितलं, "मोठ्या माणसाला सांगीन, आगीच्या बंबाला फोन करीन, आत कोणी अडकलंय का ते बघायला सांगीन."

पूर्ण गुणांचं उत्तर होतं. हे जिला इतकं स्वच्छ माहीत आहे ती नऊ मिनिटं नुसती उभी राहिली?

एक सांगायचं राहिलं. चाचणी घेणाऱ्याने उत्तर बरोबर की चूक हे मुलाला कधीच सांगायचं नसतं. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू द्यायची नाही. एकच वाक्य म्हणायची मुभा असते: तू छान प्रयत्न करते आहेस. एकतीस वर्षं मी ते वाक्य म्हणत आले आहे. घरी नवऱ्याने भाजीला जरा जास्त मीठ घातलं तरी माझ्या तोंडून तेच निघतं. ती मुलगी प्रत्येक उत्तरानंतर माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि उठताना तिने विचारलंच, "बाई, बरोबर आलं का?"

"तू छान प्रयत्न केलास," मी म्हटलं. तिने मान हलवली. जणू हेच ऐकायला मिळणार हे तिला माहीत होतं.

अहवाल मी दोन दिवसांत लिहिला. बुद्धी सरासरीपेक्षा बरीच वर. आखणी करून काम करण्याची क्षमता उत्तम. कृतीच्या परिणामांची जाण प्रौढ व्यक्तीइतकी. पहिल्या पानावर एक चौकट असते, 'ही चाचणी यापूर्वी दिली आहे का?' तिथे मी 'नाही'वर खूण केली. सही ठोकली, लिफाफा बंद केला. मंडळासमोर सुनावणी तीन आठवड्यांनी होती.

दोन आठवडे गेले. एका सकाळी बालगृहाच्या अधीक्षिकेचा फोन आला. गेली अकरा वर्षं आमची ओळख फोनवरची. कोर्टातल्या कामाशिवाय मी एका कॉलेजात मानसशास्त्राच्या मुलींना चाचणी घ्यायला शिकवते. हात बसायचा तर कोणावर तरी सराव करावा लागतो, आणि कोणाचे आईबाप आपली मुलं अशी उसनी देतील? म्हणून दरवर्षी माझ्या विद्यार्थिनी बालगृहात जाऊन तिथल्या मुलांवर सराव करतात. अधीक्षिका तेवढं पत्र मागतात आणि कधी नाही म्हणत नाहीत.

"यंदा तुमच्या मुली कधी येताहेत बाई?" त्यांनी विचारलं. "पण आधीच सांगून ठेवते, यंदा त्यांची जरा पंचाईत होणार. आमची शहाणी नाही ना आता."

"कोण शहाणी?"

"अहो, ती नाही का, लाँड्रीतली! तुमच्याकडेच आणली होती म्हणे. इतकं गुणी लेकरू हो, कसं काय असं झालं... बाकीची पोरं चुळबुळ करतात, उठून पळतात. ही मात्र तास तास बसायची. तुमच्या सगळ्या मुलींचा हात तिच्यावरच तर बसला."

मी काहीतरी बोलले आणि फोन ठेवला.

सरावाच्या उत्तरपत्रिका माझ्याच कपाटात असतात, खालच्या कप्प्यात, वर्षावार बांधलेल्या. त्यावर मुलांची नावं लिहायची नाहीत, हा माझाच नियम. मुलांची खासगी गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून. विद्यार्थिनी टोपणनाव लिहितात. मी त्या तपासताना पोरींचं घड्याळ बरोबर चाललं का, गुण नीट दिले का, एवढंच बघते. मूल कोण, हे कधी बघितलंच नाही. जमिनीवर बसून मी एकेक गठ्ठा सोडला. शहाणी, वय नऊ. शहाणी, वय दहा. त्याच वर्षात तीनदा. शहाणी, वय अकरा. शेवटची, वय पंधरा वर्षं आठ महिने. मोजल्या तर चौदा निघाल्या.

नवव्या वर्षीची पत्रिका मी पुनःपुन्हा वाचली. शेवटच्या नक्षीला वेळ संपला होता. धुराच्या प्रश्नासमोर लिहिलं होतं, 'पळून जाईन.' शून्य गुण. दहाव्या वर्षीच्या दुसऱ्या पत्रिकेत त्याच प्रश्नासमोर लिहिलं होतं: मोठ्या माणसाला सांगीन, आगीच्या बंबाला फोन करीन, आत कोणी अडकलंय का ते बघायला सांगीन. शब्दाला शब्द तोच. आणि बाजूला लाल शाईत माझ्या हाताने लिहिलेलं, 'नोंद सुरेख.' विद्यार्थिनीला दिलेली शाबासकी होती ती.

आणि ती चौकट! 'ही चाचणी यापूर्वी दिली आहे का?' हा प्रश्न मुलाला विचारायचा असतो. सुरुवातीची वर्षं मी विचारतही होते. पण एवढी खर्चाची चाचणी, परवान्याशिवाय मिळत नाही, आईबाप नसलेल्या मुलांची ती कोण कशाला घेणार? प्रत्येक वेळी उत्तर 'नाही'च यायचं. मग कधीतरी मी विचारणं सोडलं आणि खूण करणं चालू ठेवलं. कधीपासून, ते आठवत नाही. आणि त्या मुलांची ती चाचणी घेणारी या शहरात एकच बाई होती, ती म्हणजे मी.

घरी गेले तेव्हा नवरा मटार सोलत बसला होता. तो गणिताचा मास्तर, आता निवृत्त. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, शेंग मोडली आणि म्हणाला, "म्हणजे पेपर फुटला म्हण की."

"हो."

"आणि फोडणारी तू."

"हो रे बाबा, मीच! सारखं तेच काय सांगतोस?" मी उगाच त्याच्यावर खेकसले. त्याने पुढची शेंग उचलली. त्याचं गप्प राहणं मला जास्त झोंबतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मग मीच बोलत सुटले. अहवाल गुपचूप मागे घेता येईल. 'तांत्रिक कारणास्तव फेरतपासणी व्हावी' असं एक ओळीचं पत्र दिलं की कोणी खोलात जाणार नाही. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. खरं सांगायला गेले तर सरकारी वकील लगेच विचारतील, या बालगृहातली आणखी किती मुलं तुम्ही तपासलीत? ते मी संध्याकाळी घरी निघण्याआधीच मोजलं होतं. नऊ. त्यांतली चार मोठ्यांच्या कोर्टात गेली होती, माझ्या अहवालावरून.

"आमच्या शाळेत एकदा सहामाहीचा पेपर फुटला होता," नवरा म्हणाला. "फुटला चार पोरांत, पण कोणती चार ते कळेना. मग सगळ्या वर्गाची परीक्षा परत घेतली. पोरांनी महिनाभर मला शिव्या घातल्या."

"आणि तू?"

"मी काय, ऐकून घेतल्या. पेपर माझ्याच टेबलावर उघडा राहिला होता."

हे त्याने लग्नाच्या तेहतीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मी मटाराची परात पुढे ओढली आणि दोघं मिळून सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वकिलाला घेऊन निरीक्षणगृहात गेले; निकाल लागेपर्यंत तिला तिथे ठेवलं होतं. वकील अगदी नवखा, गळ्याच्या टायची गाठ कायम कानाखाली गेलेली. मी काय सांगतेय हे कळल्यावर तो आनंदाने उडीच मारणार होता. माझा चेहरा बघून आवरला बिचारा. मुलाखतीच्या खोलीत ती आली आणि उभी राहिली.

"हे ठोकळे, हे प्रश्न, तू आधीही केले होतेस?" मी विचारलं.

"हो बाई. पुष्कळदा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बरोबर होतं तिचं. मी खाली बघितलं. तीच पुढे म्हणाली, "मी पटपट केलं की कॉलेजच्या तायांना चांगले मार्क पडायचे. त्या म्हणायच्या, तू होतीस म्हणून पास झाले. एक चष्मेवाल्या ताई होत्या, त्यांना माझी फार माया. धुराचं मला येत नव्हतं तर त्यांनी पाठ करून घेतलं. म्हणाल्या, कोणीही विचारलं तरी असंच सांगायचं." थोडं थांबून तिने विचारलं, "मी कुठे चुकले का बाई? मला वाटलं, सगळं बरोबर केलं की सोडतील."

तिचा वकील खिडकीबाहेर बघू लागला. सगळं बरोबर केलं म्हणूनच ती वीस वर्षांच्या दारात उभी होती, हे तिला कोणत्या शब्दांत सांगायचं मला सुचेना. मी म्हटलं, "तू नाही चुकलीस. मी चुकले. आता दुसरं कोणीतरी येईल, दुसरे प्रश्न विचारील. त्यात पास-नापास काही नसतं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. कळलं?"

"येत नाही म्हटलं तर राग नाही येणार त्यांना?"

"आला तर मला सांग. मी बघते त्यांच्याकडे," मी म्हटलं. ती पहिल्यांदाच हसली.

मंडळाची खोली कोर्टासारखी नसते. उंच आसन नाही, पिंजरा नाही. मुलांना भीती वाटू नये म्हणून एकच लांब टेबल, त्याच्या एका बाजूला अध्यक्षबाई आणि दोन सदस्य, दुसऱ्या बाजूला बाकीचे. भिंतीवर कोणीतरी फुगे रंगवले आहेत. त्या फुग्यांनी कोणाची भीती गेल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्या दिवशी माझीही गेली नाही.

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. चौदा पत्रिका टेबलावर ठेवल्या. न विचारता केलेली खूण सांगितली. लाल शाईची शाबासकी दाखवली. नऊ मुलांचा आकडा कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकला, कारण विचारल्यावर सांगायला मला कदाचित जमलं नसतं. सरकारी वकिलांचा चेहरा पडला. आजवर त्यांनी माझ्या अहवालांवर डोळे झाकून भिस्त ठेवली होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मग आता तुमचं मत काय? या मुलीला कळत होतं की नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

एकतीस वर्षांत त्या टेबलाशी मी हे वाक्य कधी बोलले नव्हते.

सरकारी वकील उठले. माणूस वाईट नाही. त्या म्हाताऱ्या माणसाचीही बाजू कोणीतरी घ्यायला हवी, आणि ते ती घेत होते. ते म्हणाले, "ठीक आहे. ठोकळे पाठ होते, मान्य. अहवाल बाजूला ठेवा. पण धूर दिसला की बंब बोलवायचा, आत कोणी आहे का बघायचं, हे तिला माहीत होतंच ना? कोणी का शिकवलेलं असेना! दहाव्या वर्षापासून पाठ आहे. तरी नऊ मिनिटं ती बघत उभी राहिली. वर पुटपुटत होती. याला काय म्हणायचं?"

मलाही तो प्रश्न पहिल्या दिवसापासून छळत होता.

अध्यक्षबाई तिच्याकडे वळल्या. "बाळ, तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तुझ्या वकिलांना विचार." वकिलाने टायची गाठ चाचपली, तिच्याशी दोन शब्द बोलला आणि मान हलवली. ती उभी राहिली. अध्यक्षबाई बस म्हणाल्या तरी उभीच राहिली, आणि तिने हाताची घडी घातली. त्या क्षणी मला कॅमेऱ्यातलं चित्र आठवलं. तसंच ताठ अंग, तशीच घडी. माझ्या खोलीत तोंडी प्रश्नांना ती अशीच उभी राहिली होती.

"त्या दिवशी धूर दिसल्यावर तू काय केलंस?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"उत्तर." आणि तिने ते पुन्हा म्हटलं, एका दमात. मोठ्या माणसाला सांगीन, आगीच्या बंबाला फोन करीन, आत कोणी अडकलंय का ते बघायला सांगीन. "सारखं म्हणत होते. पण धूर थांबतच नव्हता."

सरकारी वकील अजून उभेच होते. ते खाली बसले.

"अगं, पण फोन का नाही केलास?"

"नंबर माहीत नाही."

"शेजारी औषधाचं दुकान होतं. त्यांना विचारायचंस."

ती विचारात पडली. खरोखरच आठवून बघत होती. मग म्हणाली, "उत्तरात विचारायचं नव्हतं."

सात वर्षं माझ्या पोरींनी तिला तो प्रश्न विचारला होता. पूर्ण गुण दिले होते. मी त्यावर लाल शाई फिरवली होती. बंबाचा नंबर तुला येतो का, एवढं एकीनेही तिला विचारलं नाही. मीही नाही. मी त्या रंगवलेल्या फुग्यांकडे बघत राहिले.

"आत कोणी असेल असं वाटलं होतं तुला?" अध्यक्षबाईंनी अगदी हळू विचारलं.

"आजोबा सुटीच्या दिवशी लेकीकडे जातात," ती म्हणाली. "आजोबा मला चोरटी म्हणाले नव्हते. त्यांनीच मालकांना सांगितलं होतं, पोरीची माफी माग म्हणून." मग मात्र तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती तशीच, हाताची घडी न सोडता, रडायला लागली. सरकारी वकिलांनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, ताटकळत ठेवायचा माझा स्वभाव नाही. माझा अहवाल रद्द झाला. दुसऱ्या शहरातून एक तज्ज्ञ आले, त्यांनी तीन आठवडे तिच्याशी नुसत्या गप्पा मारल्या आणि मग लिहिलं. तिचा खटला मंडळाकडेच राहिला. मोठ्यांच्या कोर्टात गेला नाही. ती सुधारगृहात आहे, तीन वर्षांसाठी. एक म्हातारा माणूस मेला, ते कोणाच्या अहवालाने पुसलं जात नाही, आणि तिलाही ते कळतं. त्या चार मुलांच्या फायली पुन्हा उघडल्या आहेत. चौघांपैकी तिघे मला भेटायला तयार झाले. चौथ्याने निरोप पाठवला, त्या बाईचं तोंड बघायचं नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बालगृहात आता विद्यार्थिनी जात नाहीत. त्या एकमेकींवर सराव करतात आणि मला शिव्या घालतात. मी ऐकून घेते.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं, सुनावणी संपल्यावरचं. मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. महिला पोलीस तिला घेऊन निघाल्या होत्या. माझ्यापाशी आल्यावर ती थांबली. डोळे सुजलेले, घडी अजून तशीच. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, माझ्या खोलीत प्रत्येक उत्तरानंतर बघायची तसं.

"बाई," ती म्हणाली, "आज बरोबर आलं का?"

ते ठरलेलं वाक्य सवयीने माझ्या तोंडात आलंच होतं. मी ते गिळलं.

"हो," मी म्हटलं. "आज बरोबर आलं."

ती हसली वगैरे नाही. नुसती मान हलवली, हाताची घडी सोडली आणि जिना उतरायला लागली.